भिंतीकडचा डबा

परवा आमच्या विश्रामबागेत वीस मिनिटं लाईट गेली. फक्त वीस मिनिटं! तेवढ्यात शेजारच्या वहिनी दारात हजर. मिक्सरमध्ये चटणी अडकली म्हणे, आता जेवायचं कसं? मी म्हटलं, पाटा-वरवंटा घ्या. तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांना विहिरीत उडी मारायला सांगितलं. बया बया! वीस मिनिटांत ज्यांचा जीव वरखाली होतो, त्यांना मी काय सांगू, की आमच्या गावात पावसाळ्यात लाईट गेली की माणसं वार विसरायची? सांगत नाही मी कुणाला. पण राग येतो. लाईट गेल्याचा नाही, दुसराच एक जुना राग आहे, आणि लाईट गेली की तो बरोबर वर येतो. आज लिहूनच टाकते.

आमचं गाव वाईच्या वर, घाट चढून गेलं की डोंगराच्या डोक्यावर. एक बाजारपेठ, एक पोस्ट, एक शाळा, साहेबांच्या वेळचे चार बंगले, आणि सगळ्यात खालच्या अंगाला, जिथं गावाचं सगळं पाणी वाहून येतं, तिथं आमची वस्ती. आम्ही छप्पन्न सालानंतरचे बौद्ध. वडील घाटरस्त्याच्या टोळीत मजूर होते. दरड कोसळली की ती काढायची, मोऱ्या मोकळ्या करायच्या. आई बंगल्यांच्या बागांत खुरपायला जायची. पाऊस चार महिने नुसता कोसळायचा. भिंती भिजून बसू नयेत म्हणून मृगाच्या आधी घरांना बाहेरून गवताच्या ताट्या बांधायच्या. तरी धुकं घरात यायचं ते यायचंच.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला गावात वीज आली. खांब घाटातून वर चढले, दरीच्या कडेकडेनं. कुठल्या शहाण्यानं ती जागा काढली होती देव जाणे. वडील तेव्हाच म्हणाले होते, "ह्या मातीत माणूस उभा ऱ्हाईना, खांब काय ऱ्हाणार?" पण मजुराला कोण विचारतो? पहिल्याच पावसाळ्यात वारं सुटलं की कुठं झाड तारेवर, कुठं खांब वाकडा. वायरमन वाईहून यायचा. यायचा म्हणजे, एसटी वर आली तर यायचा. 

वीज आली आणि पाठोपाठ बाजारात पिठाची गिरणी आली. गिरणीवाल्याला सगळे मालक म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. माणूस हुशार. त्याच्या गिरणीपुढं नुसता चिखल, आणि गावातल्या बायकांना जात्याची सवय. त्यानं एका दगडात दोन पक्षी मारले. दवंडीच दिली म्हणा ना, की घरातलं जातं आणून द्या आणि महिनाभर दळण फुकट न्या. झालं! अख्ख्या गावाची जाती निघाली. डोक्यावरून, खांद्यावरून, हातगाडीवरून. मालकानं ती सगळी अंगणात मांडली, सिमेंट ओतलं आणि झकास फरशी केली. गिरणीत जायचं ते आपल्याच सासूच्या जात्यावर पाय देऊन. बायका हसत जायच्या. आता पहाटे उठायला नको, हाताला घट्टे नकोत. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

आईलाही वाटला. तिनं आमच्या जात्याची वरची तळी डोक्यावर घेतली, खालची मी आणि धाकट्या भावानं काठीला दोर बांधून मधे लोंबत नेली. वस्ती ते बाजार सगळा चढ. पोचलो तेव्हा आईच्या मानेवर दगडाचा लाल वळ उठला होता. मालकानं बघितलं आणि म्हणाला, "तुमचं नको."

आई म्हणाली, "का वं मालक? चांगल्या काळ्या दगडाचं हाय. आत्ताच टाकी लावून घेतलीया."

"दगडाला काय झालंय? पण त्यावर पाय देऊन गिऱ्हाईक आत येईल का? एवढं कळत नाही?"

ऐकलंत? पाय द्यायलासुद्धा नको! देव्हाऱ्यात मांडा म्हणत नव्हतो आम्ही. पायाखाली घाला म्हणत होतो. पायाखालीसुद्धा आमचा दगड चालेना. आईनं तळी पुन्हा डोक्यावर घेतली आणि आम्ही उताराला लागलो. ते जातं होतं तिथं, चुलीशेजारी, परत बसलं.

दळण मात्र आम्ही गिरणीतच न्यायला लागलो. पैसे सगळ्यांएवढेच द्यायचे, म्हणून आईचं म्हणणं, नंबरही सगळ्यांसारखाच लागला पाहिजे. तो काही लागायचा नाही. मी डबा घेऊन गेले की मालक मान न उचलता हात करायचा, "तिकडं, भिंतीकडं." गिरणीच्या मागच्या अंगाला पन्हाळीखालची भिंत होती. तिथं आमच्या वस्तीचे डबे ठेवायचे. रांगेतलं शेवटचं दळण झालं की मग आमचं, आणि आमचं झालं की मालक मूठभर स्वतःचे दाणे आत टाकून गिरणी फिरवायचा. कशाला, ते सांगायला नको. उन्हाळ्यात हे चालून गेलं, कारण उशिरा का होईना, पीठ मिळायचं. पण पावसाळा लागला आणि लाईटीचा खेळ सुरू झाला. दिवसातून तास-दोन तास यायची. त्यात चार-पाच डबे व्हायचे की गेली. म्हणजे शेवटचा नंबर म्हणजे नंबरच नाही. मी डबा न्यायची आणि तसाच परत आणायची, वर पन्हाळीचं पाणी झाकणातून आत. भिजलेली ज्वारी आई तव्यावर परतून कोरडी करायची आणि रागानं जात्यावर ओढायची. एकदा हात थांबवून म्हणाली, "मला फुकट नगं, पयला नंबर नगं. जो लागंल तो नंबर रांगेत लागू दे. एवढंच मागणं हाय माझं." मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मला वाटलं, एवढंसं तर मागणं, आणि तेसुद्धा आपल्याच घरात बसून मागावं लागतं.

श्रावण लागायच्या आधी तो मोठा वारा आला. तीन दिवस उघडीप नाही. घाटात दरड आली आणि तिच्याबरोबर खांबांची ओळच्या ओळ दरीत गेली. वडील टोळीबरोबर तिकडंच अडकले. एसटी बंद, वायरमन बंद, लाईट ठार. पहिले दोन दिवस गावाला काही वाटलं नाही. घरोघरी कंदील होते, डब्यात पीठ होतं. तिसऱ्या दिवशी डब्यांचं बूड दिसायला लागलं. आणि मग गावाला आठवलं, की आपली जाती कुठं आहेत!

कुणीतरी पहार घेऊन गिरणीच्या अंगणात गेलं. निघाली का? सिमेंट खुंट्याच्या भोकात, सिमेंट दगडाला टाकी लावून पाडलेल्या खाचांत. एक निघालं ते दुभंगून निघालं. मालक दारात उभा राहून ओरडत होता, फरशी खराब होते म्हणून. धान्याच्या कणग्या भरलेल्या आणि गाव भात उकडून, घुगऱ्या शिजवून खातंय. म्हाताऱ्यांना भाकरी नाही, पोरांना पेज करायला पीठ नाही. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही वाटलं.

वस्तीत टाकी लावलेलं, दळण्याजोगं जातं आमचंच होतं. चौथ्या दिवशी आमच्या दारात पहिला निरोप आला. मास्तरीणबाईंकडचा. म्हणजे आमच्या शाळेतल्या मास्तरांच्या बायकोचा. गडी पोतं घेऊन आला आणि म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, एवढं दळून ठेवा, संध्याकाळी नेतो. भाकरी-तुकडा देतील." त्याच्यामागून आणखी दोघे, तसेच. कोरड्याला विटाळ नसतो, हे शास्त्र सगळ्यांना तोंडपाठ. आमचे हात, आमचा दगड, आमचा घाम चालतो. पीठ कोरडं असलं म्हणजे झालं!

आई दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "गावकी आमी सोडली. तुकड्यासाठी दळायचं दीस गेलं. जातं मोकळं हाय. ज्याला पीठ पायजे त्यानं यावं, नंबर लावावा, आत बसावं आन् आपल्या हातानं वडावं. पैसं नगं आन् तुकडा बी नगं."

गडी परत गेले. वस्तीतले लोक आईवर चिडले. "लय माजलीस, अंगावर येईल गाव," असं एक म्हातारा म्हणाला. आई म्हणाली, "यिऊ दे की. पीठ खाऊन ताकद आल्याबगार काय येतंय?"

आले. दुपारपर्यंत दोन आल्या, दुसऱ्या दिवशी सात. डोक्यावर घोंगडी, काखेत पाटी. आधी दारात घुटमळायच्या, मग पदर आवळून आत शिरायच्या. आमच्या घरात, बुद्धाच्या फोटोखाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर! जात्याला दोघी लागतात. पहिलीचं दळण चालू असताना दुसरीनं समोर बसून खुंटा धरायचा, मग दुसरीच्या वेळी तिसरीनं, असा आईनं नेम घालून दिला. घरच्या कुणी हात लावायचा नाही. मी फक्त नंबर सांगायचा. दळून दळून घसा कोरडा पडला की बायका माठाकडे बघायच्या आणि नजर फिरवायच्या. आई मुद्दाम पाण्याचा तांब्या जात्याशेजारी ठेवायची. काहींनी पाणी प्यायलं, काहींनी तसंच ओढलं. कोण प्यायलं ते मला अजून पाठ आहे.

मास्तरीणबाईही शेवटी आल्या. रांगेत बसल्या-बसल्या शेजारणीच्या कानात पुटपुटल्या, "काय करणार? अडला हरी, गाढवाचे पाय धरी." त्यांना वाटलं जात्याच्या घरघरीत ऐकू जाणार नाही. मला ऐकू आलं. माझं डोकंच फिरलं. आमच्याच घरात बसून आम्हालाच गाढव? मी तोंड उघडणार, एवढ्यात आई शांतपणे म्हणाली, "बाई, पाय धरायचं म्हंजी वाकाया लागतंय. या, नंबर आला तुमचा, बसा खाली."

सगळ्या बायका फिस्सकन हसल्या. मास्तरीणबाई लालबुंद झाल्या, पण बसल्या. नि ओढलं त्यांनी. पाणी नाही प्यायल्या.

सातव्या दिवशी सकाळी दारात सावली पडली. गिरणीचा मालक! डोक्यावर पोत्याची खोळ, हातात डबा. त्याची बायको दहा-बारा दिवसांची बाळंतीण, घरात दुसरं बाईमाणूस नाही. अख्ख्या गावाला पीठ दळून देणाऱ्याच्या घरात बाळंतिणीला भाकरी नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आईनं त्याच्याकडे बघितलं. मग मान न उचलता हात केला, "ठेवा तिकडं. त्या भिंतीकडं."

मी तुम्हाला काय सांगू मला काय वाटलं! सात जन्माचा उपास सुटल्यासारखं झालं. आमच्या त्या भिंतीला वरून गळत होतं. मालकानं निमूट तिथं डबा ठेवला आणि बाजूला उभा राहिला. बसायला कुणी सांगितलं नाही. त्याच्यानंतर तीन बायका आल्या. त्याच्या आधी दोन होत्या. दोघींचं झालं तशी नंतर आलेल्यांतली एक पाटी घेऊन पुढं सरकली. तिला वाटलं, भिंतीकडचा डबा म्हणजे शेवटचा. सगळ्यांना तसंच वाटलं. मालकालाही.

आईनं तिला हातानं थांबवलं. "तुजा न्हवं गं. मालकांचा नंबर हाय." आणि मालकाकडे वळून म्हणाली, "तिसरं आलासा, तिसराच नंबर. आमच्यात नंबर चुकत न्हाई."

मालक बसला. समोर खुंट्याला कोण बसणार? परक्या पुरुषासमोर बायका बसेनात. मग एकट्यानंच ओढायला लागला. कधी ओढलंय त्यानं जातं! बचकभर दाणे घातले, जातं अडलं. कमी घातले, तर दगडावर दगड घासून ठिणगी उडते की काय असं वाटलं. बाहेर पडत होत्या नुसत्या कण्या. हाताला फोड आले, फुटले. मी मनात म्हणत होते, ओढ. अजून ओढ.

पण आईला बघवेना. "बाळतिणीच्या पोटात ह्या कण्या घालायच्या व्हय?" असं म्हणून ती त्याच्यासमोर बसली, खुंटा धरला, आणि स्वतःचा नेम स्वतःच मोडला. मला आईचा इतका राग आला की मी उठून बाहेर पावसात जाऊन उभी राहिले. आतून जात्याचा आवाज एकसारखा, मऊ यायला लागला. मालकानं जाताना पाणी मागितलं, तांब्या उंच धरून नाही, तोंडाला लावून प्यायला. हे मला बायकांनी नंतर सांगितलं.

नवव्या दिवशी वडील आले, पाय चिखलानं कुजलेले. वायरमन लोकांबरोबर ह्यांच्याच टोळीनं खांब खांद्यावरून वर आणले होते. दहाव्या दिवशी लाईट आली. गिरणी सुरू झाल्याचा आवाज खाली वस्तीपर्यंत ऐकू आला. आईनं घाईनं ज्वारी पाखडली, डबा भरला, माझ्या हातात दिला. तिचा चेहरा काय खुलला होता! म्हणाली, "जा. आता रांगेत लाव. आता काय म्हणायचा न्हाई कुणी."

मी चढ पळत चढले. अंगणातल्या त्या दगडांवर बायका ओळीनं उभ्या होत्या. सगळ्या ओळखीच्या. सगळ्या आमच्या जमिनीवर बसून गेलेल्या. मी डबा पुढं केला. मालकाच्या उजव्या हाताला हळद लावून चिंधी बांधलेली होती, आमच्या खुंट्यानं आलेल्या फोडांवर. तोच हात त्यानं उचलला.

"तिकडं. भिंतीकडं."

मी जोरात म्हणाले, "मालक, आमच्यात तुमचा नंबर चुकला न्हवता!"

गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. मालक दाणे बघायला लागला. त्या बायका! त्या पाच बायका! कुणी पदर नीट करतेय, कुणी धुक्यात बघतेय. एकीला तोंड फुटेना. गरज सरो, वैद्य मरो. मी हललेच नाही. डबा दारातच खाली ठेवला आणि उभी राहिले.

मग मास्तरीणबाईंनी एक सुस्कारा टाकला, जशी काही कटकट मिटवावी तशी. आपला, रांगेतला शेवटचा डबा थोडा मागं घेतला. आणि माझा डबा रांगेत सरकवला. पायानं. चपलेच्या टोकानं ढकलला, हात लावला नाही.

"हं, झालं का समाधान?" त्या म्हणाल्या.

मालकानं बघितलं न बघितल्यासारखं केलं. पाचवा नंबर लागला. चार झाले, आमचं पाचवं झालं, आणि पाचवं संपता संपता लाईट गेली. गिरणी धुवायला मूठभर दाणे टाकायलासुद्धा मालकाला वेळ मिळाला नाही. मास्तरीणबाई न दळलेला डबा घेऊन परत गेल्या.

मी घरी आले. आई दारातच होती. "रांगेत लागला का गं?"

"लागला."

"कितवा?"

"पाचवा."

आईनं झाकण काढलं. पीठ अजून गरम होतं. तिनं ते चिमटीत घेऊन चोळून बघितलं. "जाडं दळलंय मेल्यानं," असं म्हणाली, पण डोळ्यांत पाणी होतं. आत वडील पायाला तेल लावत बसले होते, त्यांना तिनं दोनदा सांगितलं, "ऐकलं का, रांगेत लागला आपला डबा. पोरीनं लावला." चूल पेटवली, आणि त्या पिठाची पहिली भाकरी तव्यावरनं उतरवून, वर मिरचीचा ठेचा घालून, सगळ्यांच्या आधी माझ्यापुढं ठेवली.

पायाचं मी तिला सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि ती गेली तोपर्यंत कधीच नाही. भाकरी माझ्याकडं सरकवून ती म्हणाली, "खा की, निवाली."

मी म्हटलं, "नको. पोट दुखतंय."